काटेसाहेबांचा मेन स्टँड

गेवराईत खोली शोधायला लागले तेव्हा प्रत्येक घरमालक आधी आडनाव विचारायचा, आणि ते ऐकलं की खोली एकाएकी भरलेली निघायची. कुणाचा पुतण्या यायचा असायचा, कुणाकडे रंगकाम निघायचं. त्यात मी एकटी बाई, आष्टीची, मुलीला आईकडे ठेवून जनावरांच्या दवाखान्यात बदली होऊन आलेली आणि बुडाखाली मोटारसायकल. म्हणजे नाही म्हणायला कारणंच कारणं. शेवटी वैतागून वडिलांच्या ओळखीच्या इथल्याच एका वकीलसाहेबांना फोन लावला. ते म्हणाले, "तू काटेसाहेबांकडं जा. ते आडनाव विचारत नाहीत. पण दुसरं काहीतरी विचारतील."

काटेसाहेब अंगणात कडुनिंबाखाली उभे होते. उंच, सडसडीत, मिशी दोन्ही बाजूंनी अगदी सारखी कापलेली. मी गाडी फाटकाशी लावून आत गेले, नमस्कार केला. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. माझ्या खांद्यावरून मागे बघत म्हणाले, "खोली न्हाई."

मी पण आष्टीची. "कावून न्हाई?" म्हटलं.

"ती बघा कशी उभी हाय तुमची गाडी. पानटपरीला टेकल्यावानी."

गाडी साइड स्टँडवर होती. जगातल्या सगळ्या गाड्या असतात तशी. मी काही न बोलता परत फाटकाशी गेले, स्टँडवर पाय दाबला, गाडी खट्‌ करून मेन स्टँडला चढवली आणि पदर खोचल्यासारखी कमरेवर हात ठेवून उभी राहिले. काटेसाहेब गाडीभोवती एक फेरी मारून आले.

"ऱ्हायला कवा येताय, मॅडम?"

त्यांचं आडनाव काटे नव्हतं, बरं का. ते वजनमापे खात्यात इन्स्पेक्टर होते आणि सगळी नोकरी दुकानदारांचे तराजू तपासण्यात गेली, म्हणून लोकांनी त्यांना काटेसाहेब करून टाकलं. रिटायर झाले तरी काटा डोक्यातून गेला नाही. आठवडी बाजारात भाजी घ्यायला गेले की आधी पारड्याखालून हात फिरवायचे. तिथे चिंचेचा गोळा नाहीतर लोहचुंबक चिकटवलेलं असतं, त्याला पासंग म्हणतात. पासंग सापडला की काटेसाहेबांची भाषाच बदलायची. एरवी आपल्यासारखं बोलणारा हा माणूस चिडला की सरकारी मराठीत शिरायचा. "सदर इसमानं सदर तराजूत अफरातफर केलेली आहे," असं ते भर बाजारात मोठ्यानं म्हणायचे, आणि भाजीवाली कपाळाला हात लावून म्हणायची, "घ्या बाई, आले सदर!"

तिरकं काही त्यांना बघवायचंच नाही. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी गवंडी वापरतात ती छोटी पाणसळ असायची, आत बुडबुडा असलेली. कुणाच्याही घरी गेले की आधी कॅलेंडर सरळ करणार, मग पाणी पिणार. एकदा मला घेऊन ते एका ओळखीच्यांकडे भेटायला गेले. घरातले आजोबा गेले होते. बायका रडत होत्या, हार घातलेला फोटो मांडला होता, आणि तो एका बाजूला उतरला होता. काटेसाहेबांनी थोडा वेळ दम धरला. मग उठले, सगळ्यांच्या देखत फोटोवर पाणसळ ठेवली, बुडबुडा मधोमध आणला आणि येऊन माझ्याशेजारी बसले. "आता बरंय," मला म्हणाले. रडणाऱ्या सुनेनंसुद्धा पदराआडून बघितलं. मी मेले लाजेनं.

गाडीचं तर विचारूच नका. त्यांची गाडी जुनी, लोखंडाची, रेड्याएवढी जड. आणि तिच्याविषयी त्यांचा एक कायदा होता. साइड स्टँड म्हणजे झुकता काटा. गाडी उभी करायची तर मेन स्टँडवर, दोन्ही बाजूंना सारखी. आणि पुढचं कलम असं, की जी गाडी आपल्याला आपल्या हातानं मेन स्टँडला लावता येत नाही, ती चालवायचा आपल्याला हक्क नाही. हा कायदा त्यांनी सगळ्या गावाला लागू केला होता. भर चौकात ओळख ना पाळख अशा माणसाला थांबवून म्हणायचे, "लावता येती का स्टँडला? न्हाई? मग उतर बे खाली." एकानं चिडून विचारलं, "तुमाला काय करायचंय?" तर म्हणाले, "आज स्टँडला पेलवत न्हाई, उद्या रस्त्याला कशी पेलशील?" तो बिचारा खरंच उतरला.

दर रविवारी आम्ही चौघं फिरायला निघायचो. पुढे काटेसाहेब, मागे वकीलसाहेब, मग मी आणि तलवाड्याचे आबा. आबांच्याकडे मेंढरं, मी त्यांना लस टोचायला जायचे तिथली ओळख. आबा फेटा बांधून गाडी चालवायचे आणि चढ लागला की गाडीला मेंढरासारखं "हुर्रर्र" करायचे. आम्ही राक्षसभुवनपर्यंत जायचो, गोदावरीच्या काठाला बसायचो, येताना हायवेवरच्या एका हॉटेलात चहा-भजी. पोरं आमचे फोटो काढायची. काढणारच ना! एक कोटवाला, एक फेटेवाला, एक पाणसळवाला आणि एक बाई.

त्या वर्षी वकीलसाहेबांच्या मनात नवी गाडी भरली. ते दरवर्षी दसऱ्याला नागपूरला, दीक्षाभूमीला गाडीवर जायचे, मागे वहिनी. वहिनींची कंबर आता बोलायला लागली होती. तेवढ्यात लांब पल्ल्यासाठी म्हणून एक नवीन स्पोर्ट टूरर मॉडेल निघालं. पुढे वारा अडवायला काच, मागे तीन पेट्या, जाड गादी. वकीलसाहेबांनी मोबाईलवर तिचे व्हिडिओ बघून बघून डोळे लाल केले. मग एका रविवारी म्हणाले, "चला बीडला शोरूमला. तुम्ही तिघं बघा, मग ठरवतो."

आम्ही गेलो. गाडी देखणी होती, खोटं कशाला बोलू. आबा तिच्यासमोर उकिडवे बसले, तिच्या दिव्यांकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "मान खाली घालून उभी हाय. मारकी दिसती."

मी मागच्या सीटवर बसून पाहिलं. मऊ होती, पण उंच. "वहिनींना चढायला स्टूल लागेल," म्हटलं.

"एकदा चढली की नागपूरलाच उतरेल," वकीलसाहेब म्हणाले. "हँडल बघा, किती जवळ आहे. मनगटावर भार येत नाही."

"कोकरू कुठं बांधायचं?" आबांनी विचारलं.

"आबा, ही कोकरं न्यायला नाही."

"मंग एवढ्या तीन पेट्या कशाला?"

"आणि सर्व्हिसिंग कुठं?" मी विचारलं. "दर वेळी संभाजीनगरला जाणार का? आणि आपल्या गावातले स्पीडब्रेकर पाहिलेत ना? पोट घासेल हिचं."

असं आमचं चाललं होतं आणि काटेसाहेब अजून गप्प होते. ते गाडीभोवती फिरत होते. वाकून खाली बघितलं, दुसऱ्या बाजूनं वाकून बघितलं. मग सेल्समनला विचारलं, "मेन स्टँड कुठंय हिचा?"

आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. आता होतंय.

सेल्समन हसून म्हणाला, "सर, ह्या गाडीला मेन स्टँड येत नाही. वजन वाढतं ना उगाच. साइड स्टँडच आहे."

मला वाटलं, आता "सदर कंपनीनं" सुरू होणार आणि आपण चौघं बाहेर. पण काटेसाहेबांनी त्या तिरक्या उभ्या गाडीकडे पाहिलं, मिशीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "बरोबर हाय त्याचं. कशाला पायजे मेन स्टँड?"

आबांच्या हातातला पाण्याचा ग्लास सांडला. परत येताना हॉटेलात भजी थंड झाली. काटेसाहेबच बोलत होते. सीट किती उंच, पाय टेकतात का, पेट्रोल किती खाते, गिअर कसे पडतात, सगळं स्वतःला घ्यायची असल्यासारखं विचारत होते. वकीलसाहेब माझ्या कानाशी म्हणाले, "ह्यांना ताप आहे का गं?"

कारण मला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. मी पायरीवर बसून लसीच्या डब्यात बर्फ भरत होते. काटेसाहेब दूध घेऊन आले, कडुनिंबाखाली आपल्या जागेवर गाडी आणली, स्टँडवर पाय ठेवला आणि ओढली. गाडी अर्धी उचलली आणि परत खाली बसली. पुन्हा ओढली. पुन्हा बसली. मान लाल झाली, पाय थरथरायला लागला. त्यांनी इकडे-तिकडे पाहिलं, कुणी नाही असं समजून गाडी हळूच कडुनिंबाच्या बुंध्याला टेकवली. साइड स्टँड तेव्हाही काढला नाही.

मला राहवलं नाही. "काका, धरू का?"

"सदर वाहनास कोणीही हात लावू नये," ते म्हणाले आणि दुधाची पिशवी घेऊन घरात गेले.

थोड्या वेळानं बाहेर आले, माझ्याशेजारी पायरीवर बसले. मग आपल्या नेहमीच्या बोलीत सांगायला लागले. "खांदा गेलाय, मॅडम. उजवा हात वरच येईना. दोन-चार दिवसांतून एकदा चढती, एरवी झाडाला लावतो. कायदा माझाच हाय. एवढ्या लोकांना भर चौकात उतरवलं, आता मलाच सूट देऊ?"

"म्हणून ती नवी आवडली तुम्हाला?"

"तिला मेन स्टँडच न्हाई. म्हंजे तिला माझा कायदाच लागू होत न्हाई." मला हसू आलं, पण ते हसत नव्हते. "पर मला ती नको हाय. आपल्याला ह्या वयात वाकून बसायला कुठं जायचंय? मला हीच पायजे. ही चालवता येत न्हाई म्हटल्यावर बसायचं घरात. तुमची काकू गेल्यापासून मी त्या घरात निस्ता झोपायला जातो. दिवसभर कसा बसू?"

असं म्हणून ते गाडीकडे बघत राहिले. मला रडू आलं. मी बर्फ भरत राहिले, डबा भरून वाहायला लागला तरी.

दुपारीच मी वकीलसाहेबांचं ऑफिस गाठलं, आबांनाही बोलावून घेतलं. मेन स्टँडची युक्ती कुठल्याही गॅरेजवाल्याला माहीत असते. मागच्या चाकाखाली बोटभर जाडीची फळी सरकवली की चाक तेवढं वर येतं, आणि रेड्याएवढी गाडीसुद्धा नुसत्या पायाच्या भारानं चढते. जोर लागतच नाही.

"मग सांगून टाक ना त्यांना," आबा म्हणाले.

"काटेसाहेबांना?" वकीलसाहेब म्हणाले. "पासंग म्हणतील. आपल्याच स्टँडला पासंग लावतील ते?"

आबा विचार करून म्हणाले, "मंग त्यांना कशाला कळू द्यायचं?"

ज्यांच्या खिशात पाणसळ असते त्यांच्याच अंगणातली फरशी वाकडी करायची! पण काटेसाहेब भाचीच्या लग्नाला एसटीनं माजलगावला गेले तेव्हा आम्ही गवंडी बोलावला. कडुनिंबाखाली जिथे मागचं चाक यायचं तिथली शहाबादी फरशी उचलली, खाली वाळू-सिमेंट भरलं आणि ती बोटभर वर करून बसवली. वरून माती टाकली, निंबाचा पाला पसरला. आणि संशय नको म्हणून आबांनी आधीच काटेसाहेबांना हुलग्याचं माडगं, म्हणजे हुलग्याच्या पिठाचं कढण, ताकदीला म्हणून सुरू करायला लावलं होतं. "घोड्याला हुलगे देत्यात, तुमाला काय व्हतंय," म्हणाले होते.

लग्नाहून आल्यावर पहिल्या सकाळी मी खिडकीच्या पडद्यामागे उभी होते. काटेसाहेबांनी गाडी आणली, पाय ठेवला, दात-ओठ खाऊन ओढायची तयारी केली, आणि गाडी खट्‌. चढलीसुद्धा. ते तसेच उभे. गाडीकडे पाहिलं, आपल्या खांद्याकडे पाहिलं, पायाखाली पाहिलं. मग त्यांनी मोठ्यानं, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हटलं, "हुलग्याचं माडगं!"

आता पुढची पंचाईत. काटेसाहेब काय फक्त घरीच गाडी लावणार होते? हॉटेलात लावणार, कटिंगच्या दुकानापुढे लावणार, वकीलसाहेबांच्या दारात, आबांच्या वाड्यापुढे. आम्ही हॉटेलवाल्याला पटवलं, त्यानं एक फरशी बसवली. दोन दिवसांनी चहाचा ट्रे घेऊन त्याचाच पोऱ्या अडखळला, तर मला म्हणाला, "ताई, तुमच्या साहेबापायी माझे ग्लास फुटायलेत." कटिंगवाल्यानं तर विचारलंच नाही, आपण होऊन बसवली. म्हणाला, "साहेब रोज दुकानात बसत्यात, तेवढीच माझी जागा भरती." त्या उन्हाळ्यात गेवराईत कुठे फरशी वर आलेली दिसली तर खुशाल समजावं, की काटेसाहेब तिथे जातात.

आणि काटेसाहेब पुन्हा पहिल्यासारखे झाले. हॉटेलात बसून त्यांनी नव्या गाडीची अशी काही हजेरी घेतली की विचारू नका. "मेन स्टँड न्हाई! चेनीला तेल कसं घालणार? पंक्चर कसं काढणार? झुकत्या काट्यावर उभी असती दिवसभर. सदर वाहन भरवशाचे वाटत नाही."

"साहेब," वकीलसाहेब म्हणाले, "मागच्या वेळी तुम्हीच म्हणालात बरोबर हाय म्हणून."

"तवा माझाच काटा बिघडला व्हता."

वकीलसाहेबांनी गाडी तरीही घेतली. आणि दसरा आला तेव्हा काटेसाहेब म्हणाले, "मीबी येतो नागपूरला. माझ्या गाडीवर." आम्ही तिघं गारच. नागपूरपर्यंत फरश्या कोण बसवणार? वकीलसाहेब मात्र म्हणाले, "काळजी करू नकोस. पेट्या तीन आहेत." एका पेटीत त्यांनी बाभळीची फळी आणि वर झाकायला गोणपाट टाकलं. नवी गाडी पळायला जबरी. जिथे थांबायचं ठरलेलं तिथे वकीलसाहेब काटेसाहेबांच्या आधी पोचायचे, वहिनींना उतरवायचे, फळी मांडायचे, गोणपाट पसरायचे आणि हात हलवत ओरडायचे, "इकडं लावा, साहेब, इकडं सावली आहे!" वहिनी म्हणायच्या, "मला एवढ्या प्रेमानं कधी सावली शोधली नाही." ते परत आल्यावर मी काटेसाहेबांना विचारलं, कशी आहे नवी गाडी. ते म्हणाले, "चांगली हाय. कायम माझ्याआधी पोचती."

पुढे माझी बदली झाली, परत आष्टीला. सामान टेम्पोत चढवलं. आबा कोकरू घेऊन आले होते, माझ्या मुलीला द्यायला. मी काटेसाहेबांच्या पाया पडायला गेले तर ते कडुनिंबाखाली उभे होते, हातात एक शहाबादी फरशी. नवी कोरी, कडा घासलेल्या, बोटभर जाड.

"ही घेऊन जा," ते म्हणाले.

"तुम्हाला माहीत होतं?"

"दुसऱ्याच दिवशी पाणसळ लावली व्हती." त्यांनी खिशावर हात ठेवला. "आन वकिलाच्या पेटीतली फळी मला जालन्यातच दिसली. गोणपाट काय सावलीत टाकत्यात व्हय?"

"मग बोलला कावून न्हाई?"

"सगळी नोकरी लोकांचे पासंग धरले, लेकरा. एक माझ्यासाठी तुमी लावला, तो बी धरू?" इतक्या वर्षांत मला ते मॅडमशिवाय काही म्हणाले नव्हते. फरशी माझ्या हातात देत म्हणाले, "ती माझी तिथंच ऱ्हाऊ दे. ही तुझी. तुझी येळ येईल तवा कुणी चाकाखाली घातली तर भांडत बसू नको. गप गाडी चढवायची."

मी रडत रडत टेम्पोत बसले. ड्रायव्हरनं विचारलं, "ताई, फरशी कशाला नेताय? आष्टीत फरश्या मिळत न्हाईत का?"

ती फरशी बरेच दिवस माझ्या अंगणात भिंतीला टेकवून ठेवलेली होती. तिरकी. काटेसाहेबांना चाललं नसतं. माझी गाडी खट्‌ करून चढायची, मला तिची गरजच पडली नाही. मग यंदा चिकुनगुनिया झाला, सांधे धरले, मनगटात जीव राहिला नाही. बरी होऊन पहिल्यांदा लसीकरणाला जाऊन आले, गाडी अंगणात आणली, स्टँडवर पाय ठेवला, ओढली. गाडी अर्धी उचलली आणि खाली बसली. पुन्हा ओढली. पुन्हा बसली. साइड स्टँडवर लावावी म्हटलं, तर पाय पुढे होईना.

मुलगी दारातून बघत होती. फरशीची गोष्ट तिनं माझ्याकडून शंभरदा ऐकलेली. म्हणाली, "आई, थांब." धावत गेली, फरशी उचलून आणली, चाक जिथे येतं तिथे ठेवली आणि माझ्याकडे न बघता घरात निघून गेली.

मी भांडले नाही. गाडी मागे घेतली, पाय दाबला. खट्‌.

मग मी इकडे-तिकडे पाहिलं आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हटलं, "हुलग्याचं माडगं!"